प्रोटीन किती हवं? आधी स्वतःचं काढा, मग घरातल्यांचं

 

आजचा भाग ऐकताना एक काम करायचं आहे. फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा. गाडी चालवत असाल तर अजिबात नको, तुम्ही नुसतं ऐका, हिशोब घरी गेल्यावर करा. बाकीच्यांनी मात्र सोबत आकडे मांडायचे. गणित पाचवीतलं आहे, घाबरू नका.

विषय आहे प्रोटीन. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला प्रथिनं म्हणायचो. आता जिममध्ये, रील्समध्ये, बिस्किटाच्या पुड्यावर, सगळीकडे त्याचं प्रोटीन झालंय. मीही आज प्रोटीनच म्हणणार आहे, कारण तुमचे मेसेज तसेच येतात. त्यातलाच एक वाचून दाखवते. नाव सांगत नाही.

"ताई, मी २२ वर्षांचा आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, मेसचा डबा खातो. वजन ६० किलो. तीन महिने झाले जिम लावलीय. ट्रेनर म्हणतात, दिवसाला १२० ग्रॅम प्रोटीन पाहिजे, पावडर घेतल्याशिवाय ते होणारच नाही. घरून जे पैसे येतात त्यात पावडर बसत नाही. मग जिमला जाऊन उपयोग आहे का?"

उपयोग आहे दादा, जिम सोडू नकोस. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. पण १२० हा आकडा आला कुठून, आणि तुझा खरा आकडा किती, हे तुला स्वतःला काढता आलं पाहिजे. एकदा काढता आलं की कोणी काहीही सांगो, तू पडताळून बघशील. चला तर मग.

आधी एवढं समजून घेऊ की प्रोटीन रोज का लागतं. आपलं शरीर म्हणजे सतत दुरुस्ती चालू असलेली इमारत आहे. स्नायू, त्वचा, रक्त, पचनाचे रस, यातलं जुनं प्रोटीन रोज मोडतं आणि नवीन बनतं. मोडलेल्यातलं बरंचसं पुन्हा वापरलं जातं, पण सगळं नाही. काही भाग लघवीवाटे आणि इतर मार्गांनी बाहेर जातो. जेवढं गेलं तेवढं अन्नातून परत भरावं लागतं. आता चरबी शरीर साठवून ठेवतं, हे आपल्याला कमरेवरून कळतंच! प्रोटीनसाठी मात्र अशी वेगळी कोठी नाही. खाण्यातून कमी पडलं तर शरीर आपल्याच स्नायूंना हात घालतं.

मग किती भरायचं, हे शास्त्रज्ञांनी कसं मोजलं? नायट्रोजनवरून. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. पिष्टमय पदार्थांत आणि चरबीत तो नसतो. म्हणून माणसाने खाल्लेला नायट्रोजन मोजायचा, बाहेर टाकलेला मोजायचा, आणि बघायचं की कितीला जमाखर्च बरोबर बसतो. अशा अनेक प्रयोगांचे आकडे २००३ साली एकत्र करून तपासले गेले. मधला आकडा निघाला वजनाच्या दर किलोला ०.६६ ग्रॅम. म्हणजे निम्म्या लोकांची गरज याच्या आत भागते आणि निम्म्यांची याच्यापेक्षा जास्त असते.

आता पंगतीचं उदाहरण घ्या. शंभर माणसं जेवायला येणार. सरासरी माणूस चार पुऱ्या खातो म्हणून तुम्ही बरोबर चारशे पुऱ्या मोजून वाढल्या, प्रत्येकाला चारच, तर निम्मी पंगत अर्धपोटी उठेल. प्रत्येकाच्या पानात थोड्या जास्त वाढल्या तरच सगळ्यांचं पोट भरतं. तसंच इथे केलंय. ०.६६ च्या वर थोडी वाढ धरून ०.८३ हा आकडा ठरवला, जो जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांना पुरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी २००७ साली हा आकडा दिला. आपल्याकडे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे एनआयएन, यांनी २०२० च्या शिफारशीत तोच घेतला.

तर पहिलं गणित. आपलं वजन गुणिले ०.८३. करा.

६५ किलोचा पुरुष असेल तर ५४ ग्रॅम. ५५ किलोची बाई असेल तर ४६ ग्रॅम. आणि आपला ६० किलोचा परीक्षार्थी, त्याचे झाले ५० ग्रॅम.

इथे एक गोष्ट. हे ग्रॅम प्रोटीनचे आहेत, पदार्थाचे नाहीत. "मी १०० ग्रॅम पनीर खाल्लं म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन झालं" असं होत नाही. त्यात १८ ग्रॅमच्या आसपास असतं, बाकी पाणी आणि चरबी.

दुसरी गोष्ट वजनाची. वजन खूप जास्त असेल तर काट्यावरचा आकडा घेऊन गुणाकार करू नका, कारण साठलेल्या चरबीला तेवढं प्रोटीन लागत नाही. अशा वेळी उंचीवरून वजन काढा. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला २२ ने गुणा. समजा उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे १.६५ मीटर. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. गुणिले २२, म्हणजे ६० किलो. काटा ८५ दाखवत असला तरी प्रोटीनच्या हिशोबाला ६० धरायचं.

झाला पहिला आकडा. आता त्यात दोन दुरुस्त्या.

पहिली दुरुस्ती, प्रोटीन कशातून येतंय त्याची. प्रोटीन वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचं बनलेलं असतं. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. अंडं, दूध, मासे, मटण, चिकन यांत ही नऊही भरपूर असतात. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसीन नावाचं एक कमी असतं. डाळींत लायसीन भरपूर, पण मेथिओनीन नावाचं दुसरं कमी. म्हणून वरणभात, भाकरी-पिठलं, उसळ-पोळी या जोड्या चांगल्या आहेत. एकाचं उणं दुसरा भरतो. पण त्यासाठी जोडी खरंच जोडी पाहिजे. एनआयएन सांगतं की धान्याचे तीन भाग असतील तर डाळीचा एक भाग हवा. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ, कच्ची, शिजवण्याआधीची. आता आपल्या मेसचं वरण आठवा. वाटीत डाळ शोधावी लागते, बरोबर ना?

जेवणात धान्यच जास्त आणि डाळ, दूध, अंडी कमी असतील, तर त्या प्रोटीनचा शरीराला पुरेपूर उपयोग होत नाही. मग ०.८३ च्या जागी किलोला १ ग्रॅम धरायचं. हा आकडाही आयसीएमआरचाच आहे. आणि लक्षात ठेवायला किती सोपा! वजन ६० किलो, तर ६० ग्रॅम. आपल्यापैकी बहुतेकांनी हाच धरावा, असं माझं मत आहे.

दुसरी दुरुस्ती, तुम्ही काय करता त्याची. नुसतं चालणं आणि बसून अभ्यास एवढंच असेल तर वरचा आकडा पुरतो. पण वजनं उचलायचा व्यायाम नियमित करत असाल, तर नवीन स्नायू बांधायला थोडा जास्त माल लागतो. साधारण किलोला १.२ ते १.६ ग्रॅम. १.६ चा आकडा कुठला? २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, १,८६३ लोकांचा. त्यात दिसलं की व्यायामासोबत प्रोटीन वाढवल्याचा फायदा होतो, पण सरासरी किलोला १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायू आणखी वाढताना दिसत नाहीत. मुख्य काम व्यायाम करतो, प्रोटीन त्याला हातभार लावतं. एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही हेच आहे. त्यांनी तर प्रोटीनच्या पावडरी टाळा, असं स्पष्ट म्हटलंय.

मग आपल्या दादाचं गणित. ६० गुणिले १.२ म्हणजे ७२. ६० गुणिले १.६ म्हणजे ९६. १२० म्हणजे किलोला २ ग्रॅम झाले. स्पर्धेत उतरणारे काही खेळाडू तेवढं घेतातही. पण तीन महिन्यांपूर्वी जिम लावलेल्या विद्यार्थ्याने ७२ ते ७५ गाठले तरी भरपूर आहे.

आता बघू, तो सध्या किती खातो. त्याने दिवसभराचं सगळं लिहून पाठवलं होतं, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

सकाळी एक प्लेट पोहे, वर थोडे शेंगदाणे. झाले ६ ग्रॅम. दिवसात दोन कप चहा, त्यातल्या दुधाचे ३. दुपारी मेसमध्ये चार पोळ्या, एक वाटी भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी. पोळी साधारण ३० ग्रॅम कणकेची, तिच्यात ३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे चार पोळ्यांचे १२. भाताचे ३, वरणाचे ३, भाजीचे २. एकूण २०. रात्री पुन्हा तेच, २०. बेरीज करा. ६ अधिक ३ अधिक २० अधिक २०. झाले ४९.

बघा हं, गंमत आहे. कागदावर तो ०.८३ च्या हिशोबाला टेकला, ५० च्या जवळ. पण या ४९ मधले ३४ ग्रॅम पोळी, भात आणि पोह्यांतून आलेत. डाळीचे फक्त ६. तीनाला एकची जोडी कुठेच नाही. म्हणून त्याला किमान ६० हवेत, आणि जिम चालू ठेवायची तर ७२ च्या पुढे. तूट आहे साधारण २५ ग्रॅमची.

ही २५ ची तूट मेसमध्ये राहून भरता येते का? येते. बघा.

दोन उकडलेली अंडी, एका अंड्यात ६ म्हणून १२ ग्रॅम. संध्याकाळी गाडीवर मिळतात किंवा रूमवर उकडता येतात. आणि पिवळा बलक फेकू नका. अंड्यातलं ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन त्या बलकात असतं. मग मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, त्याचे ६. एक वाटी दही, ३. आणि एका वेळची बटाट्याची भाजी जाऊन तिथे घट्ट उसळ आली, मटकी, चवळी, हरभरा काहीही, तर आणखी ५. बारा, सहा, तीन, पाच. झाले २६. एकूण ७५. म्हणजे किलोला १.२५. काम झालं!

अंडं खात नसाल तर? सोयाबीनच्या वड्या घ्या. कोरड्या वड्यांत १०० ग्रॅमला ५२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. २५ ग्रॅम कोरड्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून भाजीत टाकल्या की १३ ग्रॅम. दोन अंड्यांची भरपाई झाली. मासे खाणाऱ्यांना सांगायलाच नको. बांगडा असो, सुरमई असो, १०० ग्रॅम मांसात १८ ते २० ग्रॅम मिळतात. आणि कोकणातल्या मंडळींनो, तुमच्या डब्यातलं सुकट आणि सुके बोंबील थोडेसे घेतले तरी प्रोटीन भरपूर. फक्त मीठ बघून.

काही आकडे पटापट सांगते, पॉज करून लिहून घ्या. कच्ची तूरडाळ, १०० ग्रॅमला २२. पण शिजल्यावर त्यात पाणी येतं, म्हणून घट्ट वरणाच्या वाटीत ६ ते ७ आणि पातळ वाटीत ३. दूध, २०० मिलीच्या पेल्यात साडेसहा. शेंगदाणे, १०० ग्रॅमला २५. ज्वारीची भाकरी, ६० ग्रॅम पिठाची, ६. पिठलं, ३५ ग्रॅम बेसनाचं, ७ ते ८. कच्चं चिकन, हाडाशिवाय, १०० ग्रॅमला २२. दहा बदाम, अडीच ग्रॅम. हो, अडीचच! बदाम चांगले आहेत, पण प्रोटीनसाठी त्यांच्यावर पैसे घालू नका. आणि साबुदाणा, जवळजवळ शून्य. उपवासाच्या दिवशी खिचडीतलं जे काही प्रोटीन आहे, ते शेंगदाण्याच्या कुटाचं. तेव्हा कूट जरा हात सैल सोडून घाला आणि सोबत ताक किंवा दही घ्या.

आता पावडरीकडे येऊ. पावडर विष नाही, आणि जादूही नाही. दूध फाडून पनीर केलं की जे पाणी उरतं, त्या पाण्यातलं प्रोटीन वेगळं काढून सुकवलं की झालं व्हे. एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम असतं. ज्याला खरंच खायला वेळ नाही आणि पैसे आहेत, त्याने चांगल्या प्रतीची घेतली तर ठीक. पण ती नसेल तर शरीर बनणारच नाही, हे खोटं.

पैशाचा हिशोब कसा करायचा तेही सांगते. वस्तूची किंमत भागिले त्यातलं प्रोटीन. एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडलं, ते कळतं. मी सोयीसाठी भाव धरते, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. समजा सोयाबीन वड्या १५० रुपये किलो. मग १०० ग्रॅमला १५ रुपये, त्यात ५२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे एक ग्रॅम ३० पैशांच्या आत. समजा तूरडाळही १५० रुपये किलो, तर एक ग्रॅम ६८ पैशांना. शेंगदाणे १६० रुपये किलो धरले तर ६४ पैसे. अंडं ८ रुपयांना धरलं तर सव्वा रुपयाच्या थोडं वर. दूध ६० रुपये लिटर धरलं तर पावणेदोन ते दोन रुपये. आणि पावडरीचा किलोचा डबा अडीच हजारांना धरला, ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन, तर एक ग्रॅम तीन रुपयांच्या वर गेलं. ठरवा मग तुम्हीच.

"प्रोटीनयुक्त" लिहिलेल्या बिस्किटांचं आणि चिवड्याचंही असंच. पुडा उलटा करा. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला प्रोटीन किती ते बघा. १० लिहिलं असेल तर आपल्या साध्या कणकेतही १०० ग्रॅमला तेवढं असतंच! दुसरी तपासणी अशी. प्रोटीनच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात. म्हणून प्रोटीनचे ग्रॅम गुणिले ४, भागिले एकूण कॅलरी. बिस्किटात १० ग्रॅम प्रोटीन आणि ४५० कॅलरी असतील, तर ४० भागिले ४५०, म्हणजे ९ टक्के. बाकीचे ९१ टक्के साखर, मैदा आणि तेल. तूरडाळीत हेच प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास येतं, अंड्यात ३० च्या वर. पुड्याच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, हिशोब मागच्या बाजूला.

आणखी एक समज. "एका वेळी ३० ग्रॅमच पचतं, बाकी वाया जातं." असं नाही. जास्त खाल्लं तरी ते पचतं. स्नायू बांधायला लागेल तेवढं वापरलं जातं, उरलेलं इतर कामाला लागतं किंवा ऊर्जा म्हणून खर्च होतं. तरीही रात्री एकदम सगळं खाण्यापेक्षा तिन्ही वेळच्या जेवणात वाटून खाल्लेलं बरं. आपला सकाळचा नाश्ता बघा ना. पोहे, उपमा, चहा-खारी. तिथेच सगळ्यात मोठी तूट असते. पोह्यांसोबत एक अंडं किंवा पेलाभर दूध, किंवा पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, एवढ्याने फरक पडतो. आणि पोटभर जेवा. एकूण जेवणच कमी असेल, तर शरीर प्रोटीन जाळून ऊर्जा काढतं. लाकूड चुलीत घातलं तर खुर्ची कशाची बनवणार?

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते.

प्रोटीनबद्दल मला मेसेज कोणाचे येतात? विशी-पंचविशीतल्या मुलांचे. काही मुलींचे. म्हणजे अशा लोकांचे, ज्यांची तूट दोन अंडी आणि मूठभर फुटाण्यांत भरते. ज्यांची तूट खरोखर मोठी आहे, त्यांच्यातल्या एकीचाही मेसेज येत नाही. त्या तुमच्याच घरात आहेत.

आजीचं गणित मांडू. समजा तिचं वजन ५० किलो. वय वाढतं तसं शरीराला तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू टिकवणं अवघड जातं. म्हणून पासष्टीच्या पुढच्यांनी किलोला १ ते १.२ ग्रॅम घ्यावं, असं या विषयातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१३ साली सुचवलं. म्हणजे आजीला हवेत ५० ते ६० ग्रॅम. आता ती खाते काय? दोन वेळचा चहा, ३ ग्रॅम. सोबत दोन बिस्किटं, फार तर २. दुपारी एक पोळी, थोडा भात, पातळ वरण, भाजी, मिळून ११. रात्री "मला भूक नाही गं, दूधभात दे", त्याचे ८. एकूण २४. जेवढं हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही!

आणि आपण काय म्हणतो? "वय झालं, आता एवढंच खाणार." मग पाय थरथरतात, खाली बसलं की उठता येत नाही, बाथरूममध्ये तोल जातो. सगळं वयाच्या खात्यावर टाकतो. त्यातलं बरंचसं वयाचं असतंही. पण स्नायू झिजणं किती वेगाने होतं, ते ताटावर आणि हालचालीवर अवलंबून असतं. ही गोष्ट आपल्या हातात आहे.

तिच्या ताटात काय बदलता येईल? दात नाहीत, पचत नाही, हे धरून सांगते. सकाळी एक अंडं किंवा पेलाभर दूध, ६. दुपारचं वरण पातळऐवजी घट्ट, ४ वाढले. वाटीभर दही किंवा दाट ताक, ३. चार वाजता बिस्किटांऐवजी मऊ मुगाचं धिरडं, ७. भाजीत दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट, ४. बिस्किटांचे २ वजा केले तरी ती ४६ वर पोचली. जवळजवळ दुप्पट. खर्च किती? तुमच्या एका स्कूपएवढाही नाही. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, पाच-दहा वेळा, कोणीतरी शेजारी उभं राहून. कारण नुसत्या प्रोटीनने स्नायू बनत नाहीत, आजीचेही नाहीत आणि तुमचेही नाहीत.

मग आई. तिचं वजन ५५ असेल तर तिला ४६ ते ५५ ग्रॅम हवेत. पण खूप घरांत आई शेवटी जेवायला बसते. तोवर उसळीच्या पातेल्यात रस्सा उरलेला असतो, मटकी नसते. अंडी मुलांसाठी आणि बाबांसाठी उकडलेली असतात. पनीरचे तुकडे वेचून झालेले असतात. ती पोळी आणि रस्सा खाते आणि म्हणते, "माझं पोट भरलं." पोट भरलेलं असतंही. प्रोटीन भरलेलं नसतं. पुढे केस गळतात, थकवा येतो, तेव्हा आपण तिला टॉनिक आणून देतो. थकव्याला कारणं इतरही असतात, रक्त कमी असणं, थायरॉइड, ते तपासायलाच हवं. पण ताटही तपासा.

घरात वहिनी किंवा ताई गरोदर असेल तर हा हिशोब अजून महत्त्वाचा. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोजच्यापेक्षा साडेनऊ ग्रॅम जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त लागतं. म्हणजे ४६ चे ६८ झाले. बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने १७ ग्रॅम जास्त. "दोघांचं खा" म्हणून तिला तूप आणि भात वाढवला जातो, डाळ तेवढीच राहते. तिथे अंडं, दूध, उसळ वाढली पाहिजे.

एक सावधगिरी, ही नीट ऐका. ज्यांना किडनीचा आजार आहे, त्यांनी आजचा एकही आकडा स्वतःला लावायचा नाही. त्यांना प्रोटीन किती द्यायचं हे त्यांचे डॉक्टर ठरवतील, बऱ्याचदा ते मर्यादित ठेवावं लागतं. बरीच वर्षं मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर किडनीवर परिणाम झालेला असू शकतो आणि तो बाहेरून कळत नाही. म्हणून आजी-आजोबांचं प्रोटीन वाढवण्याआधी एकदा क्रिएटिनिनची आणि लघवीची तपासणी करून घ्या. किडनी निरोगी असलेल्या माणसाला डाळ, अंडी, दूध यांतून आज सांगितलेल्या प्रमाणात प्रोटीन घेतल्याने किडनी खराब होते, ही भीती मात्र बाळगू नका. आणि लहान मुलांचे आकडे वयाप्रमाणे वेगळे असतात, त्यावर आपण स्वतंत्र भाग करू.

तर सगळं एका दमात पुन्हा. वजन गुणिले ०.८३, हे निरोगी माणसाला पुरेसं. जेवणात धान्यच जास्त असेल तर गुणिले १. वजनं उचलत असाल तर १.२ ते १.६. पासष्टीच्या पुढे १ ते १.२. वजन जास्त असेल तर उंचीवरून वजन काढा. मग दिवसभरात जे खाल्लं ते लिहा, बेरीज करा, आणि तूट आधी डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे यांतून भरा.

आजचा गृहपाठ. दोन हिशोब करायचे. एक स्वतःचा. दुसरा घरातल्या अशा एका माणसाचा, ज्याने आजवर प्रोटीन हा शब्द स्वतःसाठी कधी वापरला नाही. हॉस्टेलवर असाल तर घरी फोन करा. "आई, आज काय जेवलीस?" एवढंच विचारू नका, तिला सवय आहे "जेवले रे" म्हणायची. विचारा, "उसळ तुझ्या वाटीत किती होती?" ती हसेल, म्हणेल, हे काय नवीन खूळ. विचाराच तरी. आणि सुट्टीत घरी गेलात की एक दिवस तिला आधी वाढा.

दोन्ही आकडे मला मेसेज करा. नावं वाचून दाखवणार नाही, आकडे मात्र पुढच्या भागात नक्की घेईन. तोवर पोटभर जेवा, वरण घट्ट करा. भेटू. नमस्कार!